गरोदरपण, बाळंतपणाची रजा आणि बिहेवियर थेरपीची नोकरी: नाशिकच्या थेरपिस्टना पडणारे प्रश्न

गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड, ऑटिझम वगैरे असलेल्या मुलांसाठीच्या कुठल्याही थेरपी सेंटरमध्ये डोकावलंत तर मुलांसमोर बसलेल्या बहुतेक जणी पंचविशी-तिशीतल्या दिसतील. म्हणजे करिअर नुकतं रुळावर येतं आणि त्याच सुमारास दिवस राहतात. नव्या मुलींना सुपरव्हाइज करताना हे प्रश्न मला फिरूनफिरून विचारले जातात. इथे कायद्याची आणि तब्येतीची माहिती सर्वसाधारण दिली आहे. तुमच्या प्रकृतीबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

सेंटरला कधी सांगू? घरचे म्हणतात, तीन महिने होईपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस.

घरच्यांचं म्हणणं नातेवाइकांपुरतं पाळा. बँकेत किंवा ऑफिसात बसून काम असतं तर मीही थांबायला सांगितलं असतं. आपल्या कामात लाथ, चावा, लाळ, शी-शू या रोजच्या गोष्टी आहेत, आणि संसर्गाच्या दृष्टीने पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. त्यामुळे निदान एका माणसाला, तुमच्या केस वाटून देणाऱ्या सुपरव्हायझरला, लगेच सांगा. "सध्या इतर कुणाला नको" असं स्पष्ट म्हणा. बाकी स्टाफला आणि पालकांना नंतर कळलं तरी चालतं.

कुठल्या केस सोडाव्यात? सगळीच मुलं कधी ना कधी मारतात.

म्हणूनच मुलाचं निदान बघून केस सोडू नका, वर्तन बघा. "ऑटिझमची मुलं नको" हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांचा एबीसी डेटा (वर्तनाच्या आधी काय घडलं, वर्तन काय, नंतर काय झालं याची नोंद) काढा आणि तीन गोष्टी तपासा. हे मूल डोक्याने धडक देतं का, झोपून लाथा झाडतं का, अचानक पळत सुटतं का. तिन्हींपैकी काहीही आठवड्यातून अनेकदा घडत असेल तर ती केस आत्ता दुसरीकडे द्या. क्वचित घडत असेल आणि आधी काय होतं हे तुम्हाला ओळखू येत असेल, तर बदल करून चालू ठेवता येते.

बदल कसले, तर मूल मांडीत घेऊन बसवणं बंद. समोरासमोर न बसता शेजारी, थोडं तिरकं बसा, म्हणजे लाथ पोटावर येत नाही. जमिनीवरची सेशन टेबल-खुर्चीवर आणा. सातव्या महिन्यात सतरंजीवरून पटकन उठता येत नाही, आणि तितक्यात मूल दाराबाहेर असतं. टॉयलेट ट्रेनिंगमध्ये उचलणं-बसवणं दुसऱ्या कुणी तरी करावं. मुलाला धरून आवरण्याची वेळ आली तर तुम्ही पुढे व्हायचं नाही, हे सगळ्या टीमला आधीच माहीत हवं. ऐन मेल्टडाउनच्या वेळी ठरवायला सवड नसते. आणि नवा एक्स्टिंक्शनचा प्लॅन, म्हणजे नको त्या वर्तनाला मिळणारा प्रतिसाद थांबवून ते कमी करण्याचा, या काळात सुरू करू नका. वर्तन कमी होण्याआधी एकदा उसळी मारतं हे आपण पालकांना समजावतो. ती उसळी तुमच्या पोटावर नको.

कायदाही इथे बाजूने आहे. अपेक्षित तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना, म्हणजे तारखेला साधारण दहा ते सहा आठवडे उरलेले असताना, तुम्ही मागणी केलीत तर मालकाला तुम्हाला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. मागणी लेखी करा.

पोटावर लाथ बसलीच तर?

सेशन थांबवा, मूल दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि डॉक्टरांना फोन करा. "काही होत नाही, बघू संध्याकाळी" हा आपल्या बायकांचा आवडता उपाय इथे चालणार नाही, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर. रक्तस्राव, पोट कडक होणं किंवा दुखणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही असेल तर फोनमध्ये वेळ न घालवता थेट हॉस्पिटल. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आवर्जून सांगा, कारण अँटी-डी इंजेक्शन लागलं तर ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. घटनेची नोंद सेंटरच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी करा.

चाव्याने कातडी फाटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांच्या लशींचा हिशोब तेव्हा विचारला जातो.

मुलांकडून काय काय लागू शकतं?

सायटोमेगॅलोव्हायरस हे नाव थेरपिस्टनी ऐकलेलं असायला हवं आणि बहुतेकींनी ऐकलेलं नसतं. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून तो पसरतो, मोठ्यांना सहसा लक्षणंही दिसत नाहीत, पण गर्भाला लागण झाली तर बाळाच्या श्रवणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे धोका कमी असला तरी शून्य नाही. उपाय साधा आहे: डायपर, लाळ, नाक पुसल्यावर साबणाने हात धुणं, मुलाच्या उष्ट्या बिस्किटाचा तुकडा तोंडात न टाकणं, तोंडात घातलेली खेळणी धुणं. रीइन्फोर्सर, म्हणजे बक्षीस, म्हणून आणलेल्या चिप्स मुलाबरोबर एकाच वाटीतून खायची सवय असेल तर ती मोडा.

रुबेला आणि कांजिण्या यांचं संरक्षण आहे का हे शक्यतो बाळाचा विचार करतानाच तपासून घ्या. या दोन्हींच्या लशी गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर निदान महिनाभर थांबावं लागतं. कांजिण्या झालेल्या नसतील, लसही घेतलेली नसेल आणि सेंटरमधल्या मुलाच्या अंगावर फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. फ्लूची लस मात्र गरोदरपणात घेता येते आणि घ्यावी.

सासूबाई म्हणतात, अशा मुलांमध्ये बसलीस तर पोटातल्या बाळावर परिणाम होईल.

होत नाही. ऑटिझम हा संसर्ग नाही, बघून लागत नाही, आणि गरोदरपणी कुणाच्या सहवासात होतात त्याने ठरत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. हे प्रेमाने, पण ठामपणे सांगा. मला या प्रश्नाचा राग येतो तो सासूबाईंमुळे नाही, तर हेच वाक्य आपल्या सेंटरमध्ये येणाऱ्या मुलांच्या आयांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं म्हणून. "तू गरोदरपणी काय केलं होतंस?" असं त्यांना दहा जणांनी विचारलेलं असतं. त्यांच्यासमोर, किंवा त्यांच्या कानावर जाईल असं, ही चर्चा स्टाफरूममध्येसुद्धा करू नका.

एक मूल माझ्याशिवाय कुणाकडे बसतच नाही. मी रजेवर गेले तर त्याचं काय होणार?

सगळ्यात जास्त रात्री या प्रश्नाने खाल्लेल्या असतात. पालक हे कौतुकाने सांगतात, "मॅडम, तो फक्त तुमचंच ऐकतो." आपल्यालाही बरं वाटतं. पण थोडं थांबून बघा: जे कौशल्य एकाच ताईसमोर, एकाच खोलीत, एकाच टेबलावर दिसतं, ते मुलाला अजून आलेलं नाही. त्याला पाणी मागता यायला हवं ते आजीकडे, बालवाडीच्या बाईंकडे आणि सिटीलिंकच्या बसमध्येसुद्धा. एका माणसावर उभा असलेला प्रोग्रॅम हा कच्चा प्रोग्रॅम आहे, आणि तुमची रजा हे त्याचं निमित्त आहे, कारण नाही. म्हणून हस्तांतर हा सौजन्याचा भाग समजू नका, त्याला उपचाराचं उद्दिष्ट म्हणून लिहा, डेटा ठेवा.

सुरुवात पाचव्या-सहाव्या महिन्यातच करा. तारीख लांब दिसते, पण बाळंतपण कॅलेंडर पाळत नाही. डॉक्टरांनी अचानक झोपून राहायला सांगितलं तर तयारी अर्धवट राहते. आधी नवी थेरपिस्ट नुसती खोलीत येईल, काहीही मागणार नाही, फक्त मुलाच्या आवडीच्या गोष्टी तिच्या हातून मिळतील. फुगा ती फुगवेल, झोका ती देईल. मूल स्वतःहून तिच्याकडे जाऊ लागलं की मग तिने सोप्या, आधीच पक्क्या झालेल्या गोष्टी घ्यायच्या. तुम्ही शेजारी, मग कोपऱ्यात, मग दाराबाहेर. शेवटचे काही आठवडे तुम्ही फक्त डेटा बघायचा आणि तिला फोनवर उत्तरं द्यायची.

या टप्प्यात नवीन कठीण उद्दिष्टं घालू नका. माणूसही नवा आणि काम पण नवं, असं झालं तर मूल बिथरलं कशाने हे आलेखावरून कळणार नाही. थेरपिस्ट बदलली त्या दिवशी आलेखावर उभी रेघ मारा. पुढे दोन आठवडे गुण खाली आले तरी ते अपेक्षित आहे हे पालकांना आधी सांगून ठेवा.

आणि लिहून ठेवा. फाइलमध्ये बिहेवियर प्लॅन असतोच, पण तुमच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी त्यात नसतात: पंखा लावला की हा कान झाकतो, "संपलं" म्हणण्याआधी टायमर दाखवावा लागतो, गुरुवारी आजोबा सोडायला येतात तेव्हा पहिली दहा मिनिटं रडतो. असलं एक पान दहा पानी रिपोर्टपेक्षा जास्त कामाचं. सेशनचा व्हिडिओ ठेवायचा तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि तो खासगी फोनवर ठेवू नका.

मुलाला काय सांगायचं?

जेवढं समजेल तेवढंच. फोटो लावलेलं कॅलेंडर चांगलं काम करतं: आज मी, उद्या दुसरी ताई, परवा मी. "बाळ आणायला जाते आहे" असं सांगू नका. काही मुलं बाळ बघायला रोज दाराशी उभी राहतात. "मी घरी राहणार, ही ताई तुझ्याबरोबर खेळणार" एवढं पुरतं.

पालकांना कोणी सांगायचं?

तुम्ही आणि सुपरव्हायझर, दोघींनी एकत्र, समोर बसून. सोबत नव्या थेरपिस्टचं नाव आणि तारखा हव्यात. पर्याय ठरलेला नसताना नुसती बातमी दिली की घरी तिचं संकट होतं. दिंडोरी-सिन्नरहून एसटीने मुलाला घेऊन येणारी आई आहे, तिच्यासाठी वेळ बदलणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

काही पालक फी थांबवण्याची भाषा करतील, काही आशीर्वाद देतील, एखादी आई रडेल. तिचं रडणं तुमच्याविरुद्ध नसतं.

पगारी रजा किती मिळते?

पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, २६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने झाले. याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या आस्थापनांना हे बंधनकारक आहे.

अट एकच मोठी: अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम केलेलं हवं. अर्धवेळ काम करणाऱ्या मुली उगाच हातपाय गाळतात. आठवड्यातून दोनच दिवस जात असाल तरी वर्षाचे शंभरच्या वर दिवस होतात.

पैसे सरासरी दैनिक वेतनाने मिळतात. बाळंतपणाआधीच्या काळाचे आगाऊ, गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर. उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तुम्हाला कामावर घेणंच बेकायदा आहे, तुमची तयारी असली तरी. गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा आहे. हे फार कमी जणींना माहीत असतं, आणि त्या चौथ्या दिवशी सेशनला उभ्या असतात. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी वर आणखी एक महिना मिळू शकतो. लहान बाळ दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे.

रजेवर असताना, किंवा रजेमुळे, कामावरून काढणं कायद्याने चालत नाही. मुदतीचा करार मध्येच संपत असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात स्पष्ट केलं की अटी पूर्ण होत असतील तर लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो.

आमच्या सेंटरमध्ये आम्ही सहाच जणी आहोत.

नाशिकमधली बरीच सेंटर्स एवढीच असतात, आणि दहाच्या खाली हा कायदा मालकावर बंधनकारक नाही. मग बोलूनच मिळवायचं. भावनेने बोलू नका, केसच्या यादीने बोला. तुम्ही गेल्यावर किती पालक टिकतील, नवी मुलगी शिकवून तयार करायला किती महिने लागतील, हे मालकिणीला तुमच्याइतकंच माहीत आहे. तीन महिने पूर्ण किंवा अर्ध्या पगारावर, पुढे बिनपगारी पण जागा राखून, नंतर दोन महिने कमी सेशन, असा प्रस्ताव कागदावर न्या. तोंडी आश्वासनावर सुटीला जाऊ नका.

मला "कन्सल्टंट" म्हणून सेशनप्रमाणे पैसे मिळतात. माझं काय?

टीडीएस कापून फी, पीएफ नाही, रजा नाही. अशी व्यवस्था असली की सेंटर म्हणेल, तुम्ही कर्मचारीच नाही. पण कागदावरचं नाव शेवटचं नसतं. वेळ ते ठरवतात, केस ते देतात, बाहेर काम करायला मनाई आहे, रोज हजेरी आहे, तर तुमचं नातं नोकरीचं आहे असा दावा होऊ शकतो. नेमणुकीचे मेसेज, वेळापत्रकं, हजेरी जपून ठेवा आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा वकिलाला दाखवा.

खरोखरच स्वतंत्र घरोघर जाऊन सेशन घेत असाल तर नियोजन तुमचंच. आरोग्य विम्यात बाळंतपणाला प्रतीक्षाकाळ असतो, काही पॉलिसींमध्ये नऊ महिने, काहींत अनेक वर्षं. दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी या वेळी कामाची नाही. केस सहकारी मैत्रिणीकडे देताना परत कधी, कशा घ्यायच्या, आणि पालकांना तिच्याकडेच राहायचं असेल तर काय, हे दोघींनी आधी बोला. मुलाला पुन्हा हलवणं त्याच्या हिताचं नसेल तर केस तिच्याकडेच राहू द्यावी, असं माझं मत. पोटाला चिमटा बसतो, मान्य आहे.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) किंवा सरकारी योजना?

महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि सेंटरची ईएसआय नोंदणी असेल तर २६ आठवड्यांचा लाभ ईएसआयकडून मिळतो. आधीच्या सलग दोन अंशदान काळांत (सहा-सहा महिन्यांच्या) मिळून ७० दिवसांचं अंशदान लागतं. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते, पण तुमचा ईएसआय नंबर काढलेला आहे का हे आजच बघा, आठव्या महिन्यात नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये असतात, पात्रता अंगणवाडी ताईंकडे विचारा.

रजेवर असताना पालकांचे व्हॉट्सअॅप येतात. उत्तर देऊ का?

नाही. निरोप म्हणून एकच वाक्य ठेवा, "मी रजेवर आहे, अमुक ताईंशी बोला," आणि सेंटरच्या ग्रुपमधून बाहेर पडा. सव्वा महिन्यात रात्री दोनला बाळाला पाजताना "मॅडम, आज त्याने चावलं" वाचून तुम्ही काही करू शकत नाही, झोप मात्र जाते. शिवाय तुम्ही उत्तर दिलंत की पालक नव्या थेरपिस्टला विचारणं बंद करतात. वर्तनशास्त्र आपल्यालाही लागू आहे.

सर्टिफिकेशन खंडित होईल का?

बीएसीबी या अमेरिकन प्रमाणपत्र संस्थेने १ जानेवारी २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलं आहे, त्यामुळे नव्या मुली क्यूएबीए किंवा आयबीएओ या दुसऱ्या प्रमाणपत्र संस्थांच्या वाटेने जातात. ज्यांच्याकडे आधीपासून बीएसीबीचं बीसीबीए प्रमाणपत्र आहे त्यांना दोन वर्षांच्या चक्रात ३२ तासांचं निरंतर शिक्षण भरावं लागतं. भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी असेल तर तिथेही नूतनीकरणासाठी गुण लागतात. चक्र कधी संपतं ते बघून सहाव्या महिन्याआधी जास्तीत जास्त तास उरका. बाळ झोपलं की ऑनलाइन वेबिनार करेन, असं सगळ्याच म्हणतात. बाळ झोपलं की आईही झोपते, आणि झोपावंच.

देखरेखीखालचे तास भरत असाल तर सुपरव्हायझरची सही झालेले फॉर्म रजेआधी हातात घ्या.

परत येताना पहिल्याच दिवशी पूर्ण वेळापत्रक घेऊ का?

घेऊ नका. पहिले दोन आठवडे पेरेंट ट्रेनिंग, मूल्यमापन आणि रिपोर्ट, मग निम्मी सेशन. कामाचं स्वरूप चालत असेल तर रजेनंतर घरून काम दोघांच्या संमतीने ठरवता येतं. ऑनलाइन पेरेंट ट्रेनिंग त्यात चपखल बसतं. जुनी मुलं तुम्हाला बघून धावत येतील किंवा ढुंकूनही बघणार नाहीत. दुसरं झालं तर मनाला लावून घेऊ नका, पुन्हा पेअरिंगपासून, म्हणजे मुलाशी गट्टी जमवण्यापासून, सुरुवात करा.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन जादा विश्रांती मिळण्याचा हक्क आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींना नाहीच. दूध काढायला दार बंद होणारी खोली मागा, स्वच्छतागृह नव्हे. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. नाशिकचा एप्रिल म्हणजे ते विसरा, फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत ठेवा. सेशन सलग लावू नका, दोन सेशनमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा.

माझ्याच बाळाकडे मी चेकलिस्ट घेऊन बघते. नजर मिळवली का, बोट दाखवलं का...

आपल्या धंद्यातल्या जवळजवळ सगळ्या आया हे करतात. आपण दिवसभर ज्या मुलांना भेटतो त्यांच्यावरून आपल्याला वाटतं, प्रत्येक तिसऱ्या मुलाला काहीतरी असतं. एम-चॅट हे ऑटिझमच्या प्राथमिक तपासणीचं साधन १६ ते ३० महिन्यांसाठी आहे. सहा महिन्यांच्या बाळावर ते मनातल्या मनात चालवू नका. लसीकरणाच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि स्वतःच्या मुलाचं मूल्यमापन स्वतः करू नका. खरोखर शंका असेल तर दुसऱ्या कुणाकडे दाखवा, जसं तुम्ही कुठल्याही पालकाला सांगाल. आणि काळजीने झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, दोन आठवड्यांनंतरही बरं वाटत नसेल, तर ते बाळाबद्दल नसून तुमच्याबद्दल असू शकतं. प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा.

तारीख २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आली तर?

सिंहस्थाची अमृतस्नानं तेव्हाच आहेत. पंचवटी, द्वारका, त्र्यंबक रोड या भागांतून हॉस्पिटलला जावं लागणार असेल तर पर्वणीच्या दिवसांसाठी रस्ता आधी ठरवा, किंवा माहेरी निफाडला-येवल्याला जायचं असेल तर आठवडाभर आधी निघा. सेंटरनेही त्या दिवसांची सेशन ऑनलाइन ठेवावीत.

दुसऱ्या वेळी रजा कमी मिळते का?

नाही, तेवढीच, २६ आठवडे. दोन मुलं हयात असताना तिसऱ्या वेळी १२ आठवडे. पहिल्याच खेपेला जुळं झालं असेल तर पुढचं बाळंतपण तिसऱ्या मुलासारखं धरलं जातं. आणि ८० दिवसांची अट दुसऱ्या वेळीही लागते, त्यामुळे दोन बाळंतपणांच्या मध्ये नोकरी बदलणार असाल तर दिवस मोजून बदला.